शहराच्या वतीने कोण बोलते?

महापौर परिषदेसारख्या संमेलनात पुण्याचा प्रतिनिधी एखादी मागणी मांडतो. ती त्याची स्वतःची असते की शहराची? मागील घटकात अभ्यासलेली महानगरपालिकेची रचना येथे आठवा. १९४९ च्या अधिनियमाने कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे दिले. धोरणाचा निर्णय मात्र नगरसेवकांच्या सभेचा. पुण्यात तिला ‘मुख्य सभा’ म्हणतात. या सभेने चर्चेअंती, प्रसंगी मतदान घेऊन ठराव केला असेल, तर प्रतिनिधी कोणत्याही पक्षाचा असला तरी त्याने तीच भूमिका मांडणे अपेक्षित असते. ठरावाविना केलेले भाषण हे भाषणच राहते.

जकातीचे उदाहरण पाहा. पुण्यात १ एप्रिल २०१३ पासून जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर तोही गेला आणि राज्याच्या भरपाई अनुदानावर भिस्त आली. स्वतः वसूल करण्याचे उत्पन्न असे मागण्याचे झाले. अनुदान वेळेवर मिळावे, असे एकट्या पुण्याने म्हणून भागत नाही. इतर शहरांना सोबत घ्यावे लागते, आणि त्यासाठीच संमेलन.

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली. त्यानंतर जवळजवळ चार वर्षे मुख्य सभेचे अधिकार प्रशासक या नात्याने आयुक्तांकडेच होते. कागदोपत्री मंजुरी मिळतच होती; परंतु प्रस्ताव ठेवणारा आणि तो मंजूर करणारा एकच असताना विरोधी मताची नोंद कोण करणार?