उमेदवाराची प्रकृती आणि वैद्याचा दाखला

निवडणुकीचा हंगाम आला की अमेरिकेत उमेदवारांच्या धोरणांइतकीच त्यांच्या रक्तदाबाची, हृदयाची आणि वयोमानाने शिथिल होणाऱ्या स्मरणशक्तीची चर्चा वृत्तपत्रांतून रंगू लागते. आणि ती चर्चा दुरून वाचणाऱ्या आपल्या वाचकाची अशी समजूत होऊन बसते की, त्या देशात राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रत्येक उमेदवारास आपली वैद्यकीय कागदपत्रे सरकारदरबारी दाखल करावीच लागत असतील. वस्तुतः तसा कोणताही दंडक तेथे नाही. उमेदवार जन्मतः अमेरिकेचा नागरिक असावा, त्याचे वय किमान ३५ वर्षे असावे आणि देशात त्याचे किमान १४ वर्षे वास्तव्य झालेले असावे, अशा अटी राज्यघटनेने घातल्या असून प्रकृतीविषयी तिने मौन पाळले आहे, आणि ते मौन पुढील कोणत्याही कायद्याने मोडलेले नाही. जे काही प्रसिद्ध होते ते उमेदवाराच्या मर्जीने, त्याने ठरविलेल्या दिवशी, त्याने निवडलेल्या वैद्याच्या सहीने. २००८ साली जॉन मकेन या ७१ वर्षांच्या आणि त्वचेच्या कर्करोगातून बाहेर पडलेल्या उमेदवाराने आपल्या दप्तराची १,१७३ पृष्ठे निवडक वार्ताहरांपुढे ठेविली खरी, परंतु ती वाचावयास तीन तासांची मुदत होती आणि नक्कल बाहेर नेण्याची परवानगी नव्हती. याला औदार्य म्हणावे की काय, हे त्या तीन तासांत ज्यांनी पाने उलटली त्यांनीच सांगावे.

याच्या नेमकी उलट अशीही एक समजूत आहे : रोग्याची माहिती गुप्त ठेवण्याचा कायदा असल्यामुळे उमेदवाराच्या प्रकृतीविषयी विचारणेच बेकायदा आहे. १९९६ सालचा तो कायदा डॉक्टर, रुग्णालये आणि विमा कंपन्या यांना बांधून ठेवतो. खुद्द रोग्याचे तोंड तो बंद करीत नाही आणि वार्ताहराचेही नाही. तसेच १९६७ साली अमलात आलेली पंचविसावी घटनादुरुस्ती पदारूढ अध्यक्षाच्या असमर्थतेसंबंधी असून उमेदवाराशी तिचा संबंध नाही. अध्यक्षाच्या इच्छेविरुद्ध त्याचे अधिकार काढून घेणारे तिचे चौथे कलम आजवर एकदाही वापरले गेलेले नाही.

परंतु या साऱ्यांहून अधिक खोल रुजलेला आणि अधिक घातक असा जो गैरसमज, तो दाखल्याविषयीचा आहे. डॉक्टरने सही केली म्हणजे मजकूर खरा, असे आपण गृहीत धरतो. ती सही करणारा कोणाचा ताबेदार आहे हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

फ्रँकलिन रूझवेल्ट यांचेच उदाहरण घ्या. त्यांना पोलिओ झाला होता ही गोष्टच जनतेपासून लपविण्यात आली, असे पुष्कळांना वाटते. ती लपविली गेली नव्हती. १९३१ साली, म्हणजे पहिल्या अध्यक्षीय निवडणुकीच्या आधीच, तीन डॉक्टरांकडून त्यांची तपासणी होऊन तिचा वृत्तान्त ‘लिबर्टी’ या साप्ताहिकात झळकला होता, आणि अध्यक्ष झाल्यावर त्यांच्या वाढदिवसाच्या निमित्ताने देशभर होणाऱ्या नृत्यसमारंभांतून पोलिओग्रस्तांसाठी निधी जमविला जात असे. झाकले गेले ते त्यांच्या पायांचे पांगळेपण किती पराकोटीचे होते एवढेच. चाकांच्या खुर्चीतील त्यांचे छायाचित्र सहसा छापले जात नसे. मात्र ज्या व्याधीने त्यांचा अंत झाला ती निराळी होती, आणि तिचा जनतेला खरोखरच पत्ता नव्हता. मार्च १९४४च्या अखेरीस बेथेस्डा येथील नौदलाच्या रुग्णालयात हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने त्यांना तपासले, तेव्हा रक्तदाब १८६/१०८ भरला, हृदयाचा आकार वाढलेला आढळला आणि हृदय निकामी होत चालल्याची लक्षणे स्पष्ट दिसली. डिजिटालिस हे हृदयाचे औषध सुरू झाले, सिगारेटी कमी करण्यास सांगण्यात आले. पुढे सव्वीस वर्षांनी वैद्यकीय नियतकालिकात ही हकीकत लिहिताना ब्रुएन यांनी एक गोष्ट आवर्जून नमूद केली आहे : आपणाला काय झाले आहे, ही औषधे कशासाठी, हे अध्यक्षांनी त्यांना कधी विचारलेच नाही. वृत्तपत्रांना उत्तरे देण्याचे काम ब्रुएन यांच्याकडे नव्हतेच. ते अध्यक्षांचे खासगी वैद्य रॉस मॅकिन्टायर यांच्याकडे होते. हे गृहस्थ कान-नाक-घशाचे तज्ज्ञ, हुद्द्याने नौदलातील अधिकारी, आणि ज्यांच्या प्रकृतीचा दाखला द्यावयाचा तेच त्यांचे सरसेनापती! वयाच्या मानाने प्रकृती उत्तम आहे, असा निर्वाळा मॅकिन्टायर देत राहिले. नोव्हेंबरात रूझवेल्ट चौथ्यांदा निवडून आले. आणि १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे देहावसान झाले, त्या दुपारी रक्तदाब ३००/१९० होता. त्यांचे वैद्यकीय दप्तर रुग्णालयातून नाहीसे झाले ते कायमचेच. ज्या मतदाराने रूझवेल्ट यांना मत दिले, त्याने वास्तविक उपाध्यक्षपदाचे उमेदवार हॅरी ट्रुमन यांना अध्यक्ष निवडले होते, आणि पक्षातील जाणत्या पुढाऱ्यांना याची कुणकुण असूनही मतदार बिचारा अंधारात होता.

यावर कोणी म्हणेल की, नियमितपणे प्रकृतिपत्रके काढण्याचा प्रघात घातला म्हणजे असा प्रकार होणार नाही. फ्रान्सने तोही प्रयोग करून पाहिला. पदावर असतानाच १९७४ साली राष्ट्राध्यक्ष पाँपिदू यांचा आजाराने मृत्यू झाला होता आणि तो आजार शेवटपर्यंत लपविण्यात आला होता, या पार्श्वभूमीवर फ्रान्स्वा मित्तराँ यांनी १९८१ साली निवडून येताच दर सहा महिन्यांनी पत्रक काढण्याचे वचन दिले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांना पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग असल्याचे निदान झाले. पत्रके मात्र वेळच्या वेळी निघत राहिली आणि कर्करोगाचा उल्लेख त्यांत कोठेही आला नाही. १९८८ साली ते पुन्हा निवडून आले, तेही याच झाकल्या मुठीच्या बळावर. रोग जगजाहीर झाला तो १९९२ साली. ती पत्रके लिहिणारे डॉक्टर ग्यूब्लेर यांनी मित्तराँ यांच्या मृत्यूनंतर १९९६ साली सारे ग्रंथरूपाने सांगून टाकले, तेव्हा न्यायालयाने त्या ग्रंथावर बंदी घातली. ती कायमची ठेवणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे असा निर्णय युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००४ साली दिला.

केनेडींची गोष्ट याहून विलक्षण आहे. १९६०च्या जुलैत प्रतिस्पर्ध्यांच्या गोटातून त्यांना अ‍ॅडिसन हा अधिवृक्क ग्रंथींचा रोग असल्याचा बोभाटा झाला, तेव्हा शास्त्रोक्त वर्णनाचा तो रोग त्यांना नाही, अशा शाब्दिक कसरतीने तो परतवून लावण्यात आला. गंमत अशी की सत्य त्याआधीच छापून झालेले होते. १९५५ साली शल्यविद्येच्या एका नियतकालिकात, अ‍ॅडिसन रोग असूनही पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया निभावून नेलेल्या ३७ वर्षांच्या एका निनावी पुरुषाची हकीकत प्रसिद्ध झाली होती; ती शस्त्रक्रिया ऑक्टोबर १९५४मधील, न्यूयॉर्क येथील, आणि रोगी दुसरा कोणी नव्हता. ग्रंथालयाच्या फडताळात तो अंक पडून होता आणि बाहेर निवडणूक चालली होती.

डोनाल्ड ट्रंप यांच्या बाबतीत तर खुद्द त्यांच्या डॉक्टरनेच २०१८ साली सांगितले की, आजवरच्या सर्व अध्यक्षांत हे सर्वांत निरोगी ठरतील अशी ग्वाही देणारे २०१५ सालचे आपले पत्र मुळात रोग्यानेच तोंडी सांगितले होते. यावर भाष्य नको.

आजार उघड झाला की मतदार पाठ फिरवतो, ही भीती या लपवाछपवीच्या मुळाशी असते. ती सर्वस्वी निराधार नाही, पण समजली जाते तितकी खरीही नाही. आयझेनहॉवर यांना सप्टेंबर १९५५मध्ये डेन्व्हर येथे हृदयविकाराचा झटका आला, त्या वेळी पॉल डडली व्हाइट या नामांकित हृदयरोगतज्ज्ञाने वार्ताहरांना हृदयाची रचना समजावून सांगितली आणि अध्यक्षांस शौचास झाल्याची वार्तासुद्धा सांगून टाकली. पुढच्या वर्षी तेच आयझेनहॉवर पूर्वीपेक्षा अधिक मताधिक्याने विजयी झाले. उलट १९७२ साली उपाध्यक्षपदाचे उमेदवार टॉमस ईगल्टन यांनी नैराश्यासाठी विजेच्या झटक्यांचे उपचार घेतल्याचे बाहेर पडताच, नामांकनापासून अठरा दिवसांतच, त्यांची उमेदवारी गेली. मात्र ती काढून घेतली पक्षधुरीणांनी. त्यांच्या मिसूरी राज्यातील मतदाराने १९७४ आणि १९८० साली त्यांना पुन्हा सिनेटवर पाठविले.

मनाच्या व्याधीविषयीचा आणखी एक प्रमाद असा की, भाषण ऐकून वा छायाचित्र पाहून तज्ज्ञ निदान करू शकतात. १९६४ साली ‘फॅक्ट’ या नियतकालिकाने बारा हजारांवर मानसचिकित्सकांना पत्रे धाडून अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर त्या पदास लायक आहेत काय असा कौल मागविला, आणि ज्यांनी त्यांना कधी तपासले नव्हते अशा ११८९ जणांनी नालायक म्हणून मत नोंदविले. गोल्डवॉटर यांनी फिर्याद करून नुकसानभरपाईदाखल एक डॉलर आणि दंडादाखल ७५,००० डॉलर मिळविले. न तपासलेल्या व्यक्तीविषयी व्यावसायिक मत देऊ नये, हा अमेरिकन मानसचिकित्सकांच्या संघटनेचा १९७३चा नियम या प्रकरणातूनच आला.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ सालच्या निर्णयानंतर उमेदवाराने शपथपत्रात प्रलंबित फौजदारी खटले, मालमत्ता, देणी आणि शिक्षण यांचा तपशील द्यावयाचा असतो, म्हणून प्रकृतीचाही रकाना त्यात असेल असे अनेकांना वाटते. तसा रकाना नाही. प्रकृतीच्या कारणावरून संसदेच्या सदस्यत्वाला घटनेची आडकाठी आहे ती सक्षम न्यायालयाने विकलमनस्क ठरविलेल्या व्यक्तीपुरती. तो रकाना नसल्याची हळहळ करणाऱ्यांनी ओरिसाच्या नगरपालिका कायद्याकडे जरूर पाहावे. त्या १९५०च्या कायद्याने क्षयरोगी आणि कुष्ठरोगी यांना अपात्र ठरविले होते, आणि बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो हे सिद्ध होऊन कैक वर्षे लोटल्यावरही, एका निर्वाचित नगरसेवकाचे पद त्या कलमापायी गेले. कुष्ठरोग्यांच्या सेवेत आयुष्य वेचलेल्या बाबा आमटे यांचे निधन झाले त्याच वर्षी, २००८ साली, सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरविले. वैद्यकाची प्रगती ध्यानी घेऊन विधिमंडळाने त्याचा फेरविचार करावा अशी सूचना निकालपत्रात होती, परंतु नगरसेवकाचे पद काही परत मिळाले नाही.