धातुशोधक यंत्राचा दांडा

मोठ्या देवळांच्या महाद्वारांत, विमानतळांवर आणि कचेऱ्यांच्या प्रवेशमार्गांत उभी असलेली धातुशोधक चौकट आतां शहरांतील मुलांच्याहि ओळखीची झाली आहे. त्याच यंत्राचें एक भावंड मात्र एका जागीं उभें राहत नाहीं. तें काठीसारखें हातांत धरलें जातें आणि इंग्लंडमधील नांगरलेल्या शेतांतून, ऑस्ट्रेलियांतील सोन्याच्या मुलखांतून किंवा फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरील वाळूवरून तासन् तास हिंडविलें जातें. खालच्या टोंकाला वाटोळी तबकडी, मध्यें लांब दांडा, दांड्यावर मूठ, मुठीपाशीं यंत्राची पेटी आणि मागें कोपराजवळ हात टेकण्यासाठीं एक खोबण, एवढाच त्याचा संसार. या यंत्राविषयीं बोलणें निघालें कीं सारी चर्चा पेटींतील विद्युत्-रचनेची होते. दांड्याची आठवण क्वचितच कोणाला होते. परंतु दिवसभराच्या शोधानंतर मनगट आणि खांदा जी तक्रार करतात, ती बहुधा दांड्याविरुद्धच असते. म्हणूनच मूळ दांडा काढून त्या जागीं दुसऱ्या कारागिरानें घडविलेला दांडा बसविण्याचा एक लहानसा पण स्वतंत्र व्यवसाय पाश्चात्य देशांत उभा राहिला आहे. असा दांडा विकत घेणें ही हौस कीं गरज, याचा निर्णय दांड्याला कोणकोणतीं कामें करावीं लागतात हें समजल्यावांचून देतां येत नाहीं.

दांड्याचें पहिलें काम गप्प राहण्याचें आहे. बहुतेक हौशी यंत्रांच्या तबकडींत तांब्याच्या तारेचीं दोन वेटोळीं असतात. एका वेटोळ्यांतून सतत बदलणारा विद्युत्प्रवाह जातो आणि त्याच्या भोंवतीं तसेंच बदलणारें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. त्या क्षेत्रांत एखादें नाणें आलें कीं नाण्याच्या अंगांत विजेचे लहान लहान भोंवरे फिरूं लागतात. त्या भोंवऱ्यांचें क्षीण क्षेत्र उलट तबकडीकडे येतें आणि दुसरें वेटोळें तें टिपतें. हीं वेटोळीं अशा बेतानें मांडलेलीं असतात कीं जवळपास धातु नसतांना पहिल्याचा दुसऱ्यावरील परिणाम जवळजवळ शून्य व्हावा. सोनाराच्या कांट्याचीं पारडीं समतोल असावींत तशीच ही स्थिति. म्हणून तर वीतभर मातीखालची अंगठीसुद्धां तो कांटा हालवूं शकते. परंतु कांट्याला आपपर कळत नाहीं. धातु जमिनींत आहे कीं दांड्यांत आहे, हा भेद त्याला करतां येत नाहीं.

याचा दाखला इतिहासांत बराच जुना आहे. २ जुलै १८८१ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या आणि त्यांतील एक शरीरांत रुतून राहिली. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्यें; तोंपर्यंत गोळी नेमकी कोठें आहे हें पाहण्याचें साधन वैद्यांजवळ नव्हतें. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं वेटोळ्यांच्या समतोलावर चालणारें एक यंत्र तयार केलें आणि तें अध्यक्षांच्या अंगावरून फिरविलें. आवाज आला, पण तो एका बिंदूवर न येतां विस्तीर्ण भागावर पसरलेला आला. मागाहून उमगलें कीं रोगी ज्या बिछान्यावर निजला होता त्यांत पोलादी तारा होत्या. शिवाय डॉक्टरांनीं शोध घेऊं दिला तो शरीराच्या उजव्या बाजूपुरता, आणि गोळी होती डाव्या बाजूला. १९ सप्टेंबर रोजीं अध्यक्ष मरण पावले. यंत्राचें तत्त्व खरें होतें. त्याच्या शेजारीं असूं नये तेथें धातु होता.

हाच धडा आजच्या दांड्याच्या घडणींत उतरला आहे. मुठीकडचा वरचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा असला तरी चालतो, कारण तो तबकडीपासून दूर असतो. तबकडीला जोडलेला खालचा भाग मात्र प्लॅस्टिक, फायबरग्लास किंवा कार्बन फायबर यांचा करतात. तबकडी दांड्याला जोडणारा बोल्टहि नायलॉनचा असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांस रबराच्या चकत्या असतात. अनेकदां नवा दांडा बसवितांना हा नायलॉनचा बोल्ट हरवतो आणि त्या जागीं घरांतला लोखंडी बोल्ट येतो. मग यंत्र विनाकारण ओरडूं लागलें कीं दोष पेटीला दिला जातो.

या तिन्ही पदार्थांत फायबरग्लासमधून वीज वाहत नाहीं. म्हणून गप्प राहण्याच्या कामांत तें निर्धास्त. कार्बन फायबर त्याहून हलकें आणि ताठ, पण तें विजेला थोडी वाट देतें. त्याची वाहकता अ‍ॅल्युमिनियमच्या मानानें फारच कमी असल्यामुळें हौशी यंत्रांत सहसा अडचण येत नाहीं. तरीहि कांहीं कारागीर कार्बनची नळी तबकडीच्या थोडी अलीकडे थांबवितात आणि शेवटचा तुकडा प्लॅस्टिकचा बसवितात. यांत ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं स्थिर असलेला अल्पसा धातु यंत्र बरेंचसें सहन करतें. हालणारा धातु त्याला सहन होत नाहीं. यामुळेंच दांड्यावर गुंडाळलेली तबकडीची तार सैल राहिली तर तिच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर खोटी खूण मिळूं शकते. नव्या दांड्यावर तार घट्ट आणि तबकडीजवळ न हालेल अशी बांधणें हें त्या दांड्याच्या किंमतीइतकेंच महत्त्वाचें आहे.

दांड्याचें दुसरें काम तबकडी अंगापासून दूर नेण्याचें. या अंतराचें मोल युद्धभूमीवर सर्वांत स्पष्ट दिसलें. १९४१ च्या आरंभीं अबिसीनियांत, खडकी येथें मुख्य ठाणें असलेल्या मुंबई सॅपर्स अँड मायनर्स या दलाचे तरुण अधिकारी प्रेमिंद्रसिंग भगत यांनीं चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरील १५ सुरुंगक्षेत्रें शोधून मोकळीं करविलीं आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. त्या वेळीं पुढें प्रसिद्धीस आलेलें पोलिश यंत्र अद्याप सैन्याच्या हातीं आलें नव्हतें. पोलंडचे अभियंते युझेफ कोसात्स्की यांनीं स्कॉटलंडमध्यें तें सिद्ध केलें आणि १९४२ मध्यें एल अलामेनच्या रणांत तें वापरलें गेलें. यंत्राचें वजन १४ किलोंच्या किंचित् आंत होतें, पण एकटा सैनिक तें चालवूं शके. आणि सुरुंग काढीत पुढें सरण्याचा वेग ताशीं सुमारें १०० मीटरांवरून २०० मीटरांवर गेला. शोधणारें टोंक पायांच्या पुढें जमिनीवरून फिरतें, ही त्यांतील दांड्याची कामगिरी.

परंतु दूर नेण्याची किंमत हात देतो. तबकडी अर्ध्या किलोची असून मुठीच्या पुढें ८० सेंटिमीटरवर आहे आणि कोपराजवळची खोबण मुठीच्या मागें ३० सेंटिमीटरवर आहे, असें समजावें. तबकडीच्या भारानें दांड्याचें मागचें टोंक वर उचलूं पाहतें आणि तें दाबून धरण्याचें काम मनगट व कोपर यांमधील हाताला करावें लागतें. तरफेच्या नियमानें हा दाब सुमारें १३३० ग्रॅम भरतो. मुठीला तबकडीचे ५०० ग्रॅम आणि हा दाब, असे मिळून सुमारें १८३० ग्रॅम पेलावे लागतात. दांडा आणि पेटी यांचें वजन या हिशेबांत धरलेलेंच नाहीं. म्हणजे कागदावरचें अर्धा किलो वजन मुठींत पावणेदोन किलोंहून अधिक होऊन बसतें.

याच हिशेबानें बदली दांड्याचा खरा फायदाहि मोजतां येतो. मुठीच्या पुढें ७५ सेंटिमीटरवरील १०० ग्रॅम कमी केले तर मुठीवरचा भार ३५० ग्रॅमनीं उतरतो. मुठीपाशींच तेवढें वजन कमी केलें तर १०० ग्रॅमच उतरतात. तेव्हां दांडा एकंदरींत किती हलका आहे यापेक्षां तो कोठें हलका आहे हें पाहावें. कांहीं दांड्यांच्या मागच्या टोंकाला मुद्दाम वजन जोडलेलें असतें. वरच्याच उदाहरणांत मुठीच्या मागें ४५ सेंटिमीटरवर ३०० ग्रॅम जोडले, तर पुढल्या हाताचा दाब १३३० वरून सुमारें ८८० ग्रॅमवर येतो आणि मुठीवरचा भार १८३० वरून सुमारें १६८० वर. यंत्र जड झालें आणि मनगट हलकें झालें. मात्र या उपायाला मर्यादा आहे. यंत्राचें सारें वजन अखेर खांद्यालाच तोलावें लागतें, आणि डावी-उजवीकडे झोका देतांना वाढलेलें वजनहि फिरवावें आणि थांबवावें लागतें. म्हणून मागचें वजन थोडें थोडें वाढवीत जावें आणि समतोल साधतांच थांबावें.

तिसरें काम ताठ राहण्याचें. तबकडी झोक्याबरोबर वरखालीं डुलली तर जमिनीपासूनचें तिचें अंतर क्षणोक्षणीं बदलतें. लोहयुक्त मातींत हा बदलच आवाज उत्पन्न करतो आणि खोल असलेल्या वस्तूची मंद खूण त्यांत बुडून जाते. दांडा किती वांकेल हें लांबीच्या घनावर अवलंबून असतें: लांबी सव्वापट केली तर वांकणें जवळजवळ दुप्पट होतें. यामुळेंच मध्यम उंचीच्या माणसाला निर्दोष वाटणारा दांडा उंच माणसाच्या हातीं डुलूं लागतो. उलट, जाडी तेवढीच ठेवून नळीचा व्यास सव्वापट केला तर ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो आणि वजन मात्र चतुर्थांशानेंच वाढतें. चांगल्या बदली दांड्यांच्या नळ्या रुंद पण पातळ असतात त्याचें कारण हेंच.

तथापि पुष्कळ वेळां दांडा वांकत नसतो, त्याचे सांधे हालत असतात. एक नळी दुसरींत सरकवून स्प्रिंगच्या बटणानें, फिरत्या कड्यानें किंवा खटक्याच्या पकडीनें बसविलेली असते. दोन नळ्या १० सेंटिमीटर एकमेकींत शिरलेल्या असून त्यांत एक मिलिमीटरचा ढिलेपणा असेल, तर ६० सेंटिमीटर पुढच्या तबकडीवर तो सहा मिलिमीटरांचा होतो. बटणाचें भोंक झिजून लांबट झालें किंवा सांध्यांत वाळू शिरली कीं हा ढिलेपणा वाढत जातो. समुद्रावरून परततांच दांडा सुटा करून गोड्या पाण्यानें धुण्याची संवय लावली तर कित्येक दांडे बदलावेच लागत नाहींत.

म्हणून नवा दांडा मागविण्यापूर्वीं जुन्याची परीक्षा घ्यावी. तिला खर्च कांहींच नाहीं. यंत्र मुठीपाशीं एका बोटावर तोलून पाहावें: तबकडी झपकन् खालीं गेली तर दोष समतोलाचा. दांड्याचा वरचा भाग टेबलावर दाबून धरून तबकडी हलकेच हालवावी: सांध्यापाशीं खटखट जाणवली तर दोष ढिलेपणाचा, आणि सांधे घट्ट असूनहि दांडा डुलला तर दोष नळीचा. ताठ उभें राहून झोका देतां येत नसेल, पाठ वांकत असेल, तर दांडा आंखूड आहे. समतोलाच्या दोषाला मागचें वजन, ढिलेपणाला नवी पकड आणि आंखूडपणाला लांब व रुंद नळी हे उपाय आहेत. एकाचें औषध दुसऱ्याला लागू पडत नाहीं.

परीक्षेनंतरहि बदली दांडाच हवा असें ठरलें, तर मापें घेण्यांत कुचराई करूं नये. नळीचा आंतील व बाहेरील व्यास, बटणाच्या भोंकाचें अंतर, तबकडीच्या दोन कानांमधील फट, तार नळीच्या आंतून जाते कीं बाहेरून, पूर्ण ताणलेली लांबी आणि मिटलेली लांबी, एवढें लिहून ठेवावें. मिटलेली लांबी प्रवाशाला विशेष महत्त्वाची. पाठीवरच्या पिशवींत मावणारा दांडा या एकाच गुणासाठीं पुष्कळांनीं घेतलेला असतो. तबकडीचे कान प्लॅस्टिकचे असल्यामुळें बोल्ट पिळून आवळूं नये. कान मोडला तर दांड्याहून महाग असलेली तबकडी बदलण्याची पाळी येते.

यंत्राची पेटी जमिनींत काय आहे तें सांगते. तें ऐकण्यासाठीं हात संध्याकाळपर्यंत टिकला पाहिजे. थकलेला हात झोका उंच उचलूं लागतो, तबकडी जमिनीपासून दूर जाते आणि सकाळीं जें सांपडलें असतें तें दुपारीं पायांखालींच राहून जातें. उत्तम दांडा पेटीची शक्ति तिळभरहि वाढवीत नाहीं. जी शक्ति विकत घेतली आहे ती दिवसाच्या शेवटच्या तासापर्यंत उपयोगांत राहते.