सव्वा महिन्यानंतरचं बाळंतपण

दोन-तीन पिढ्यांमागे गंगाखेडच्या गोदाकाठी काय, परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावी काय, पहिलटकरणीला सातव्या महिन्यात माहेरी आणायचे. मग सुईण, बाज, शेक-शेगडी, पाचवीची पूजा आणि सव्वा महिन्याचा विटाळ. नवरा तिकडे सासरी. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर जवळ यावं की नाही, हा प्रश्न अंतरानंच मिटायचा. सोय नामी, पण पहिल्या खेपेपुरती. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बाई सासरीच असायची आणि मजुरीवर पोट असेल तर सव्वा महिना भरायच्या आत रानात. पांढरं जाणं, जवळ येताना होणारी आग हे बोलायचं कुणाशी? सुईणीशी थोडंफार, बाकी कुणाशीच नाही.

निजामी राजवटीतल्या या भागापासून दूर मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१मध्ये संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि १९२७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. वाचक खासगी प्रश्न विचारत, कर्वे छापील उत्तर देत. या उत्तरांवरूनच १९३४मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं, तरी कर्वे हरले. १९५३मध्ये ते गेले आणि मासिकही थांबलं. मराठीत हा विषय मोकळेपणानं बोलणारी ती जागा बराच काळ रिकामी राहिली. सरकारी कुटुंबनियोजन आलं, पण त्याला मुलं मोजायची होती.

बाईच्या तक्रारीला आकडा मिळाला तो गडचिरोलीत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांचा अभ्यास १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या आठ टक्के. अंगावर काढणं ही केवढी सार्वत्रिक सवय आहे, ते या एका अभ्यासानं उघडं केलं.

२००५नंतर चित्र झपाट्यानं पालटलं. जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या. राज्यात दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण २००५-०६मध्ये ६४.६ टक्के होतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ते ९४.७ टक्क्यांवर गेलं. बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत आशाताईंच्या ठरलेल्या भेटी असतात: बाळाचं वजन, ताप, अंगावर पाजणं, आईचा रक्तस्राव. पुन्हा संबंध कधी सुरू करावेत, हे विचारायला मात्र सासू जवळ नसलेली वेळ साधावी लागते.

खरं तर उत्तरं अवघड नाहीत. गरोदरपण सुरळीत असेल तर संबंधांनी बाळाला इजा होत नाही. रक्तस्राव, वार खाली असणं, पाणी जाणं किंवा वेळेआधी कळा येण्याची भीती असेल तर मात्र टाळायचं. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेपर्यंत, टाके भरेपर्यंत थांबायचं. साधारण सहा आठवडे सांगतात, पण बाईचं मन तयार नसेल तर त्याहून जास्त. अंगावर पाजताना इस्ट्रोजेन कमी असल्यानं कोरडेपणा येतो, दुखतं. त्यात तिचा दोष नाही. आणि पाळी सुरू झाली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, हा भरवसा खोटा. पाळीआधीच बीज सुटू शकतं.

हे ऐकून घेण्याचं आणि नवऱ्याला ‘थांब’ म्हणण्याचं बळ वयातूनही येतं, आणि इथे परभणीचा आकडा बोचतो. त्याच २०१९-२१च्या पाहणीत जिल्ह्यातल्या २० ते २४ वर्षांच्या ४८ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्यात हे प्रमाण २१.९ टक्के. शाळेच्या वयात सासरी गेलेल्या पोरीला सहा आठवड्यांचं गणित पाठ करून दिलं, तरी ती ते कुणापुढे मांडणार?

त्यातच गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातली माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, खाडा झाला की पैसे कापले जातात. पोटुशी बाई मोळ्या वाहते, ओली बाळंतीण खोपीत परतते. आशाताईंची नोंदवही गावात आणि बाई फडावर. बेचाळीस दिवसांच्या भेटी होणार कशा?

शेजारच्या बीडमध्ये या दुर्लक्षाचं टोक २०१९मध्ये दिसलं. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करणाऱ्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं अशा उपचारानं बऱ्या होऊ शकणाऱ्या तक्रारी घेऊन गेलेल्या कितीतरी जणी त्यांत होत्या. त्यानंतर बीडमधल्या खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. फडावरच्या बाळंतिणीची तपासणी कुणी करायची, हे मात्र त्या परवानगीच्या कागदात बसत नाही.