गाडी थांबवू नका, वेग मोजा

गंगापूर आणि वैजापूर या शेजारी तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर जांबरगावच्या टोलनाक्याजवळ सैलानीहून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांचा टेम्पो ट्रॅव्हलर एका ट्रकवर मागून आदळला. १२ जणांनी प्राण गमावले. ट्रक परिवहन विभागाच्या पथकाने रस्त्यात थांबवला होता, असा आरोप झाला आणि दोन अधिकाऱ्यांना अटक झाली.

या महामार्गावर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एकच सेकंद गेला, तरी कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला शंभर मीटरहून अधिक अंतर लागते. रात्री हेडलाइटच्या खालच्या झोतात तेवढ्या लांबचे दिसतही नाही. अशा रस्त्यावर हात दाखवून वाहन अडवणे जीवघेणे आहे.

रडारला कोणालाच अडवावे लागत नाही. २४ गिगाहर्ट्झच्या लहरी धावत्या गाडीवर आपटून परततात, तेव्हा त्यांची वारंवारता बदललेली असते. ताशी १२० किलोमीटरला हा फरक सुमारे ५,३०० हर्ट्झ भरतो आणि त्यावरून वेग कळतो. अवरक्त प्रकाशात कॅमेरा अंधारातही नंबरप्लेट टिपतो. विशेष म्हणजे, वेगाच्या कॅमेऱ्याचा पाया घालणारे मॉरिस गॅट्सोनिडिस हे डच रॅलीपटू होते. स्वतःचा वळणावरचा वेग वाढवण्यासाठी त्यांना अचूक मापक हवा होता!

कॅमेरा दिसला की ब्रेक आणि मागे पडला की पुन्हा ॲक्सिलरेटर, ही सवय मात्र सर्वत्र आहे. तिच्यावर उपाय सरासरी वेगाचा. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या यंत्रणेत तो आहे. दहा किलोमीटरवरच्या दोन कमानींमधले अंतर ट्रकच्या ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेने साडेसात मिनिटांत कापले जाते. मालवाहू ट्रक पाचच मिनिटांत पोहोचला, तर मधे कुठे तरी त्याने मर्यादा मोडलीच.

केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार कॅमेऱ्याआधी सूचनाफलक लावणे, यंत्राला दरवर्षी मान्यता घेणे आणि १५ दिवसांत नोटीस पाठवणे बंधनकारक आहे. दंड पावसाळ्यानंतर कळला, तर आजचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठणार कसा?

जांबरगावच्या त्या टेम्पोत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे होती. वेगाच्या कॅमेऱ्याला ती दिसली नसती. डोकी मोजायची जागा टोलनाक्याची: तिथे उजेड असतो आणि गाड्या आपणहून थांबतात.