आपल्या रानांतील लांकूड : चिरावें कोणतें, जाळावें कोणतें

शेतकऱ्याच्या बांधावरचें झाड हें पिकाइतकेंच त्याचें उत्पन्न होय. तथापि पिकाच्या व्यवहारांत जो काटेकोरपणा तो दाखवितो, तो झाडाच्या व्यवहारांत क्वचितच दिसतो. ज्वारीचें पोतें वजन केल्यावांचून कोणी अडत्याच्या हवालीं करीत नाहीं. परंतु वडिलांच्या हयातींत वाढलेली बाभूळ उक्ती देऊन टाकतांना दोरीनें तिचा घेर मोजणारा विरळाच. महसूल खात्याच्या नोकरींत गांवोगांव हिंडतांना असले सौदे आम्हीं पुष्कळ पाहिले. ठेकेदार झाडाकडे पाहून एक आंकडा सांगतो, थोडी घासाघीस होते, आणि ज्या बुंध्यांतून चार दारांच्या चौकटी निघाल्या असत्या तो जळणाच्या भावानें गाडींत चढतो. दुसरीकडे त्याच शेतकऱ्यास घराच्या दुरुस्तीसाठीं वखारींतून चढ्या दरानें लांकूड आणावें लागतें. हें नुकसान टाळणें अवघड नाहीं. त्यासाठीं कुऱ्हाड उचलण्यापूर्वीं व उचलल्यानंतर काय करावें, तें क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम हक्काचा विचार. सरकारनें राखून ठेवलेलीं झाडें वगळतां जमिनींतील झाडांवर खातेदाराचा हक्क असतो, हें महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिनें मान्य केलेलें आहे. परंतु हक्क असणें निराळें आणि तोडण्यास मोकळीक असणें निराळें. वृक्षतोडीसंबंधीं १९६४ चा जो महाराष्ट्राचा कायदा आहे, त्याच्या अनुसूचींत साग, चंदन, खैर, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, ऐन, किंजळ, बिबळा, हळदू, तिवस, अंजन व खारफुटी हीं झाडें आहेत. यांपैकीं कोणतेंही झाड आपल्याच शेतांत असलें तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवांचून तोडूं नये. बाभूळ, निंब यांचीं नांवें त्या यादींत नाहींत. तरीही लांकूड गांवाबाहेर न्यावयाचें झाल्यास वाहतुकीचे नियम निराळे असतात, म्हणून वनखात्याच्या जवळच्या कचेरींत आधीं विचारणा करावी. अनुसूचित जमातीच्या खातेदारांनीं आपल्या झाडांच्या विक्रीसाठीं १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे हें ध्यानांत ठेवावें. तो त्यांस ठेकेदाराच्या कचाट्यांतून वांचविण्यासाठींच झालेला आहे.

झाड सामाईक बांधावर असेल तर शेजाऱ्याची संमति लेखी घ्यावी. एका बाभळीपायीं दोन घराण्यांचें बोलणें पिढीभर बंद झालेलें आम्हांस ठाऊक आहे, आणि कोर्टांत झालेल्या खर्चांत तशा वीस बाभळी आल्या असत्या. ई-पीक पाहणींत बांधावरचीं झाडेंही नोंदवितां येतात. ती नोंद वेळच्या वेळीं केलेली असल्यास वादाच्या प्रसंगीं उपयोगी पडते.

आतां मोजमापाकडे वळूं. वखारींत ओंडक्याचें माप पुष्कळदां चौथाई घेरानें धरितात. ओंडक्याच्या मध्यावर दोरी गुंडाळून घेर इंचांत घ्यावा, त्याचा चतुर्थांश काढून त्याचा वर्ग करावा, त्यास लांबीच्या फुटांनीं गुणावें व १४४ नें भागावें. म्हणजे घनफूट येतात. उदाहरणार्थ, घेर ४८ इंच व लांबी १० फूट असेल तर चतुर्थांश १२, त्याचा वर्ग १४४, म्हणून ओंडका बरोबर १० घनफूट झाला. परंतु तोच ओंडका गोल धरून खरें गणित केलें तर सुमारें १२.७ घनफूट भरतो. म्हणजे एकपंचमांशाहून कांहीं अधिक लांकूड या मापांत धरलेंच जात नाहीं. ओंडका चौरस करतांना चारी बाजूंच्या कडा वायां जातात, म्हणून ही सूट पडली आहे. तींत लबाडी नाहीं. मात्र माप या रीतीचें असेल तर निघालेल्या कडा आपल्या कीं घेणाऱ्याच्या, हें सौद्यापूर्वींच ठरवावें. उभ्या झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे साडेचार फुटांवर घ्यावा व सरळ बुंध्याची लांबी अदमासानें धरावी. एवढा हिशेब कागदावर असला म्हणजे ठेकेदाराचा आंकडा ऐकून भांबावण्याचें कारण राहत नाहीं.

तोडणीस मार्गशीर्ष ते माघ हे महिने उत्तम. त्या काळांत लांकूड सावकाश वाळतें, त्यामुळें तडे कमी जातात, व किडीचा उपद्रवही कमी असतो. ज्या बाजूस झाड पाडावयाचें त्या बाजूनें बुंध्याच्या जाडीच्या सुमारें चतुर्थांश खोल खाच घ्यावी आणि मग पाठीमागून, खाचेच्या किंचित् वर, करवत चालवावी. मध्यें थोडें लांकूड न कापतां राखावें. तें बिजागरीसारखें काम करून झाड ठरल्या दिशेस नेतें. पडत्या झाडाच्या थेट मागें उभें राहूं नये, तिरकें बाजूस सरावें, आणि ती वाट आधींच साफ ठेवावी. जवळून विजेच्या तारा जात असतील तर वीज कंपनीस कळविल्यावांचून झाडास हात लावूं नये. लांकूड पुन्हां वाढतें. माणसाचा पाय पुन्हां येत नाहीं.

झाड पडल्यावर तें एकदम खांडूं नये. सरळ व जाड बुंधा चिरण्यासाठीं बाजूस काढावा. बाभळीच्या बांकदार फांद्यांतून रुमणें, जूं व कुऱ्हाडीचे दांडे निवडावे. फाटे, गांठाळ तुकडे व पोकळ भाग एवढेंच सरपण समजावें. चिरण्यास नेण्यापूर्वीं ओंडका नीट तपासावा, कारण बांधावरच्या झाडांत जुने खिळे व कांटेरी तार रुतलेली असते. त्यानें गिरणीचें पातें मोडलें तर भुर्दंड आपणांसच पडतो. गिरणीस वनखात्याचा परवाना आहे याचीही खात्री करून घ्यावी. पूर्वीं दोन करवतकरी, एक वर व एक खालीं उभा राहून, दिवसभर एक ओंडका चिरीत. आतां तें काम घटकेचें झालें आहे. काम घटकेचें झाल्यामुळें सूचनाही आधींच द्यावी लागते. फळी वाळतांना आकसते, म्हणून इंची फळी हवी असल्यास सूतभर जाड चिरावयास सांगावें. ओंडक्याच्या अगदीं मध्याचा गाभा फळींत येऊं देऊं नये. ती फळी हटकून फाटते.

चिरलेलें लांकूड उन्हांत पसरणें हा सार्वत्रिक प्रमाद आहे. सावलींत, जमिनीपासून दीड फूट उंच, फळ्यांची चळत रचावी. प्रत्येक थरामध्यें दोन-दोन फुटांवर इंचभर जाडीच्या पट्ट्या द्याव्या, आणि खालच्या-वरच्या पट्ट्या एका ओळींत याव्या. नाहीं तर फळी वांकते. टोंकांस जुना रंग किंवा मेण लावावें, कारण पाणी टोंकांकडून त्वरेनें उडतें व तडा तेथूनच सुरू होतो. बाभळीचा ओंडका कांहीं दिवस पाण्यांत बुडवून ठेवण्याची जुनी चाल योग्यच आहे. त्यामुळें किडीचें खाद्य धुऊन जातें व भुंगा कमी लागतो.

सरपणाचेंही शास्त्र आहे. ताज्या लांकडाच्या वजनांत पुष्कळदां निम्म्याच्या आसपास पाणी असतें, आणि तें पाणी उडविण्यांतच चुलीची आंच खर्च होते. वर धूर होऊन घरांतील बायकांचे डोळे व छाती बिघडते. म्हणून लांकूड ओलें असतांनाच फोडावें, कारण तेव्हां तें सोपें फुटतें, आणि उन्हाळाभर वाळवून ज्येष्ठापूर्वीं आडोशास न्यावें. गॅस घरोघर पोंचला तरी आंघोळीचें पाणी व लग्नकार्य यांस सरपण लागतेंच. भर आषाढांत गांवांत मयत झालें असतां ओल्या लांकडांपुढें उभ्या राहिलेल्या माणसांची जी दैना होते, ती ज्यानें पाहिली तो कोरडा सांठा ठेवण्यास सांगावें लागत नाहीं.

सारांश, झाड विकावें, चिरावें किंवा जाळावें; परंतु मोजून, निवडून आणि वाळवून. तोडलेल्या प्रत्येक झाडामागें दोन रोपें लावून तीं जगवावीं, म्हणजे हाच हिशेब करण्याची संधि आपल्या नातवांसही मिळेल.