मुद्दल म्हणजे प्राचार्य नव्हेत!

मैत्रिणींनो, तुम्ही कधी मोबाइलवरचं एखादं ॲप हौसेनं मराठीत लावून बघितलंय? पहिलं पान छान मराठीत येतं. ‘नमस्कार’ वगैरे म्हणतं. आपण खूश! दुसरं पान अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. आणि नेमकं जिथे पैशांचा व्यवहार येतो, तिथे वरपासून खालपर्यंत इंग्रजी. असं का होतं, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. गेल्या काही महिन्यांत कळलं, आणि तेही चक्क स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून.

माझी भाची सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या भागातल्या बचत गटांसाठी तिनं हिशेबाचं एक ॲप करायला घेतलंय. मी गेली पंधरा-सोळा वर्षं गटांचं काम करते, म्हणून ती माझ्याकडे आली. म्हणाली, “मावशी, कोड मी लिहिते. मराठी तू बघ.” मी बी.ए. मराठीची. कॉम्प्युटरशी माझा संबंध वीजबिल भरण्यापुरता. पण तिनं लॅपटॉप उघडून जे दाखवलं, ते बघून मी खुर्ची पुढे ओढून बसलेच.

ॲप ज्यात तयार करतात त्या सॉफ्टवेअरचं नाव अँड्रॉइड स्टुडिओ. गूगलनं ते २०१३ च्या मे महिन्यात पहिल्यांदा लोकांसमोर आणलं, पक्की आवृत्ती २०१४ च्या डिसेंबरात आली. फुकट मिळतं. त्यात कोड लिहायची जागा आहे, ॲप चालवून बघायला पडद्यावरचा खोटा फोन आहे, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे भाषांतराचा तक्ता आहे. डावीकडे प्रत्येक वाक्याचं एक खुणेचं नाव. त्याच्यापुढे मूळ इंग्रजी. त्यापुढे जेवढ्या भाषा हव्यात तेवढे रकाने. भाचीनं वरच्या पृथ्वीगोलाच्या चित्रावर टिचकी मारली, यादीतून मराठी निवडली आणि एक नवा कोरा रकाना आला. ज्या ओळीचं मराठी अजून लिहिलेलं नाही, तिचं खुणेचं नाव लाल अक्षरांत दिसतं. आमच्या ॲपमध्ये अशा दोनशेच्या वर ओळी होत्या. सगळा तक्ता लालेलाल!

हे असं का करतात, तर पडद्यावर दिसणारे शब्द कोडमध्ये मिसळायचे नसतात, वेगळे ठेवायचे असतात. घरातले डबे तेच, वरच्या चिठ्ठ्या बदलायच्या. इंग्रजी चिठ्ठ्यांचं एक फोल्डर, मराठी चिठ्ठ्यांचं दुसरं. फोन मराठीत असेल तर तो मराठी फोल्डर उघडतो. तिथे एखादी चिठ्ठी नसेल तर गुपचूप मूळ भाषेतली, म्हणजे बहुतेक वेळा इंग्रजी, उचलून दाखवतो. फोन रुसत नाही, ॲप बंद पडत नाही, आणि म्हणूनच अर्धवट मराठीची कुणाला बोच लागत नाही. स्टुडिओ आपला लाल अक्षरांत सांगत असतो, पण घाईतला माणूस ती सूचना बंदही करू शकतो. अर्ध्या मराठी ॲपचं रहस्य हे एवढंच आहे. मराठी येत नाही म्हणून नव्हे, तर रकाना भरायला कुणी बसलं नाही म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, दोन-चार शब्द इंग्रजी राहिले तर काय बिघडलं? हल्ली सगळ्यांनाच ‘ओके’ आणि ‘कॅन्सल’ समजतं की! मैत्रिणींनो, मी गटात बसते म्हणून सांगते, बिघडतं. आमच्या एका गटाच्या खजिनदार सातवी शिकलेल्या. त्यांची जमाखर्चाची वही बघावी अशी. अक्षर वळणदार, एका रुपयाचा घोळ नाही. मध्यंतरी एका ॲपवर हिशेब ठेवायचं ठरलं. पडदा इंग्रजी. मग काय, त्यांचा बारावीतला मुलगा मदतीला आला. पहिल्या महिन्यात तो आईला विचारून आकडे टाकायचा. तिसऱ्या महिन्यात “तू राहू दे गं आई, मी करतो” सुरू झालं. पुढे बायका आपली शिल्लक त्या मुलाला विचारायला लागल्या. मुलगा सालस आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण दहा बायकांच्या पैशांची किल्ली गटाबाहेरच्या एका मुलाच्या हातात गेली, आणि बाईंनी स्वतःची वही माळ्यावर टाकली. नाबार्डनं १९९२ मध्ये गट बँकांना जोडायला सुरुवात केली तेव्हापासून आपण ‘हिशेब बाईच्या हातात’ म्हणत आलोय. तो हात पडद्याच्या भाषेमुळे सुटत असेल, तर ती गोष्ट छोटी कशी?

तर लाल ओळी भरायला बसलो. भाचीनं आधी सगळं इंग्रजी मशीनकडून मराठी करून घेतलं होतं. ती यादी वाचताना मी इतकी हसले की शेजारच्या वहिनी डोकावून गेल्या. कर्जाच्या पानावर ‘इंटरेस्ट’चं झालं होतं ‘स्वारस्य’. ‘बॅलन्स’चं ‘संतुलन’. आणि ‘प्रिन्सिपल’, म्हणजे मुद्दल हो, त्याचं झालं होतं ‘प्राचार्य’! म्हणजे आमच्या बायका दर महिन्याला थोडे प्राचार्य आणि थोडं स्वारस्य फेडणार. मशीनची तरी काय चूक म्हणा. त्याच्यापुढे नुसता एकटा शब्द येतो, तो कुठल्या पानावरचा हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. यावर उपाय आहे. प्रत्येक ओळीशेजारी कोड लिहिणाऱ्यानं चार शब्दांची टीप लिहायची, की हे बटण आहे का मथळा, कर्जाबद्दल आहे का बचतीबद्दल. भाचीनं नंतर त्या टिपा लिहिल्या आणि माझं निम्मं काम सोपं झालं.

एक मात्र लक्षात आलं. रिकामा रकाना लाल दिसतो. ‘प्राचार्य’ भरला की लाल रंग जातो! तक्त्याच्या दृष्टीनं काम पूर्ण. चुकीचा शब्द ओळखायला माणूसच लागतं, आणि तेही वही लिहिलेलं माणूस.

शब्दांपेक्षा वाक्यांनी जास्त घाम काढला. इंग्रजीत ‘अमुककडून कर्ज’ असं लिहायचं तर शब्द तसाच राहतो, मागेपुढे एक छोटा शब्द लावला की झालं. सॉफ्टवेअरवाले तिथे रिकामी जागा ठेवतात आणि ऐनवेळी नाव त्यात बसवतात. आपल्याकडे ते जमत नाही. रिकाम्या जागेत ‘गट’ बसवला तर ‘गट कडून’, ‘बँक’ बसवली तर ‘बँक कडून’. आपण म्हणतो ‘गटाकडून’, ‘बँकेकडून’. कॉलेजात व्याकरणाच्या तासाला घोकलेलं सामान्यरूप पंचवीस वर्षांनी असं समोर उभं राहील, असं वाटलं नव्हतं! भाचीला वाटलं, प्रत्येक नावासाठी नियम लिहावे लागतील. मी म्हटलं, अगं, वाक्यच मोड. ‘कोणाकडून : बँक’ असं लिही. मधे दोन टिंबं घातली की सामान्यरूपाची कटकटच नाही. तसंच ‘सभासद नोंदवला’ की ‘नोंदवली’? ‘सभासदाची नोंद झाली’ म्हटलं की वाद मिटला. शब्दांच्या क्रमाचं मात्र स्टुडिओनं आधीच ओळखलंय. वाक्यात दोन रिकाम्या जागा असतील तर त्यांना पहिली, दुसरी असे नंबर देता येतात. त्यामुळे इंग्रजीत क्रियापद मधे असलं तरी आपण आपलं शेवटी नेऊन ठेवायला मोकळे. एक हप्ता, तीन हप्ते अशी एकवचन-अनेकवचनाची सोयही आहे. जपानीला त्यात एकाच रूपावर भागतं आणि अरबीला सहा रूपं लागतात म्हणे. आपलं दोनांवर निभावतं, देव पावला.

आकड्यांची गंमत तर मला अजून पुरती पचलेली नाही. फोन हिंदीत लावला तर साधारणपणे आकडे इंग्रजी येतात, मराठीत लावला तर देवनागरी. भाषांच्या सवयींची जी जागतिक यादी हे फोन वापरतात, तिच्यात मराठीचे आकडे देवनागरी म्हणून नोंदलेले आहेत. वाचून अभिमान वाटला. पण बँकेच्या पासबुकावर आकडे इंग्रजी. गटातल्या बायका पासबुक एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात धरून ताळा बघतात. भाची म्हणाली, प्रोग्राममध्ये सांगून हे बदलता येतं. मी बैठकीत विचारलं. वयस्कर बायकांनीसुद्धा सांगितलं, पासबुकासारखेच ठेवा. ठेवले. भाषेचा अभिमान ताळ्याच्या आड यायला नको.

अक्षरांचंही असंच. ‘ॲप’ या शब्दाला लागणारं ‘ॲ’ हे सुटं अक्षर युनिकोडमध्ये आलं ते २००८ साली. तोपर्यंत लोक ‘अ’वर वेगळी चंद्रकोर चढवून काम भागवत होते, आणि अजूनही कित्येक जण तसंच टाइप करतात. डोळ्याला दोन्ही सारखंच. कॉम्प्युटरला मात्र ती दोन वेगळी वाटतात. आमच्या यादीत एका बाईंचं आडनाव शोधलं की सापडायचं नाही, त्याचं कारण हे निघालं.

शिवाय मराठीला जागा लागते. वर रफार, वेलांटी, खाली उकार. बटणाची उंची इंग्रजीच्या मापानं ठेवली की ‘कर्ज’चा रफार कापला जातो. हे आधीच कळावं म्हणून स्टुडिओत एक खोटी भाषा आहे! इंग्रजीच शब्द, पण प्रत्येक अक्षरावर चिन्हं चढवलेली आणि वाक्यं मुद्दाम लांबवलेली. ती लावून बघितलं की कुठे शब्द कापले जातात ते दिसतं, आणि जो शब्द तसाच साधा इंग्रजी राहतो तो कोडमध्ये मिसळून गेलेला आहे हेही समजतं. आमचे असे सात निघाले. (स्टुडिओचे स्वतःचे मेनू मात्र इंग्रजीत आहेत. भाचीला त्याचं काही वाटत नाही, मला वाटलं.)

यातली अलीकडची सोय तुम्हा-आम्हाला थेट उपयोगाची आहे. पूर्वी भाषा बदलायची म्हणजे अख्खा फोन बदलावा लागे. घरात फोन एकच, मुलांना तो इंग्रजीत हवा, मग आईनं मराठीत लावला की संध्याकाळपर्यंत परत इंग्रजी. २०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १३ पासून एकेका ॲपची भाषा वेगळी ठेवता येते. सेटिंग्जमध्ये भाषांच्या पानावर ‘ॲपच्या भाषा’ असं काहीसं दिसेल. कंपनीगणिक नाव थोडं बदलतं. पण ॲप करणाऱ्यानं कोणत्या भाषा आहेत त्याची यादी दिलेली असावी लागते. २०२३ च्या स्टुडिओपासून ती यादी आपोआप तयार करून घेता येते, एवढंसं सेटिंग केलं की झालं. त्यामुळे आता ‘वेळ नव्हता’ ही सबब चालायची नाही. आमच्या बऱ्याच बायकांचे फोन जुने आहेत, म्हणून भाचीनं ॲपच्या आतच भाषा निवडायचं बटणही दिलंय.

शेवटच्या शब्दांसाठी मी यादी छापून गटाच्या बैठकीत नेली. ‘जतन करा’ वाचून बायका म्हणाल्या, लोणचं आहे का? ‘सेव्ह करा’ राहिलं. ‘अवैध नोंद’ला तर एक जण दचकलीच. अवैध म्हटलं की आमच्या गावात दारूचा धंदा आठवतो. तिथे ‘आकडा तपासून पुन्हा टाका’ असं केलं. मग आला ‘ॲडव्हान्स’. मी ‘उचल’ लिहिलं होतं. सुटसुटीत, गावातलाच शब्द, मला वाटलं लगेच पास होईल. पण बैठकीत शांतता पसरली. तीन जणी ऊसतोडीला जाऊन आलेल्या घरातल्या. त्यांच्यातली एक हळूच म्हणाली, “ताई, उचल मुकादमाची असते. ती फिटत नाही.” बाकीच्या काही बोलल्या नाहीत. मी पेन काढून त्या ओळीवर काट मारली. खजिनदार बाईंनी ‘आगाऊ रक्कम’ सुचवलं, दोघी-तिघींनी माना डोलावल्या, आणि आम्ही पुढच्या शब्दाकडे वळलो.