जांघेतली खाज, साबण आणि मेडिकलमधलं 'ते' क्रीम

आजचा एपिसोड ऐकायच्या आधी हेडफोन लावा अशी विनंती केली होती. ज्यांच्याकडे हेडफोन नव्हते, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. लोकलमध्ये किंवा ऑफिसच्या बसमध्ये खुशाल वाचा, बाजूच्याला कळणार नाही.

विषय आहे पुरुषांच्या गुप्तांगाजवळची कोरडी, जळजळणारी, खाजणारी त्वचा. आपण यावर मित्रांमध्ये जोक मारतो, पण सरळ बोलत नाही. मी स्वतः चार महिने बोललो नाही आणि त्याची खूण माझ्या मांडीवर आजही आहे. म्हणून बोलतोय.

माझ्याकडून काय चुकलं

मागचा पावसाळा. मी रोज स्कूटरवरून हिंजवडीला जायचो. जीन्स अर्धी ओली, वर दिवसभर एसीत खुर्चीला चिकटून कोडिंग. जांघेतली कातडी आधी ताणल्यासारखी वाटायला लागली, मग कोंड्यासारखे पापुद्रे सुटले, चालताना काचायला लागलं. मला वाटलं, आपली स्वच्छता कमी पडतेय. मग काय, जंतुनाशक साबण दिवसातून दोनदा, शिवाय बादलीत अँटिसेप्टिकचे थेंब. आठवड्याभरात आग दुप्पट.

मग मेडिकलमध्ये गेलो. गर्दी कमी व्हायची वाट बघत उगाच टूथपेस्ट न्याहाळत उभा राहिलो आणि हळूच म्हणालो, "काका, खाजेवर काहीतरी द्या ना." त्यांनी काही न विचारता एक ट्यूब पुढे केली. तीन दिवसांत जादू! खाज गायब. लावणं बंद केलं, दहा दिवसांत परत, आणि आधीपेक्षा मोठा चट्टा. पुन्हा ट्यूब, पुन्हा जादू, पुन्हा चट्टा. असे चार महिने गेले.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञ मॅडमकडे गेलो. त्यांनी चट्ट्याच्या कडेची कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघितली आणि विचारलं, "ट्यूब आणली आहेस का?" मागचं बारीक अक्षर वाचून म्हणाल्या, "यात स्टेरॉइड आहे. बुरशीला तू चार महिने खाऊ घातलंस." आतल्या मांडीवर जांभळट रेघा उमटल्या होत्या, गरोदरपणात पोटावर येतात तशा. "या फिकट होतील, पण पूर्ण जाणार नाहीत," त्या म्हणाल्या.

आत नक्की काय होतं?

निरोगी त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण 5 च्या आसपास. अंगाच्या साध्या वडीचा पीएच बहुतेक वेळा 9 ते 10. रोज घासून लावला की त्वचेतलं तेल निघून जातं, थराला बारीक भेगा पडतात, ओलावा उडतो. वर घाम, घट्ट कपडे आणि घर्षण. मग नुसत्या पाण्यानेही चुरचुरतं. म्हणजे दरवेळी हा 'घाणीचा' त्रास नसतो. बऱ्याचदा तो अति धुण्याचा असतो.

दुसरी गोष्ट. वृषणाच्या पिशवीची कातडी फार पातळ असते. 1967 मध्ये शास्त्रज्ञांनी मोजलं, तेव्हा हायड्रोकॉर्टिसोन हे साधं स्टेरॉइड हाताच्या कातडीपेक्षा तिथून सुमारे 42 पट जास्त शोषलं गेलं. म्हणून हातावर चालणारं क्रीम तिथे चालेलच असं नाही.

आणि स्टेरॉइड करतं काय? सूज आणि खाज दाबतं. बुरशी मरत नाही, उलट त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे ती पसरते. आमच्या भाषेत सांगायचं तर बग तसाच ठेवून एरर लॉग बंद केला.

हा फक्त माझा किस्सा नाही. आपल्याकडे औषधांना दाद न देणारा नायटा खूप वाढलाय आणि अशा मिश्र क्रीमचा बेसुमार वापर हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. भारतीय उपखंडातून पसरलेल्या अशा एका बुरशीला 2020 मध्ये 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असं नावच मिळालं.

ओळखायचं कसं?

नुसता कोरडेपणा असेल तर कातडी सरसकट रखरखीत, लालसर दिसते आणि नवीन साबण, डिटर्जंट, परफ्यूमची पावडर किंवा शेव्हिंगनंतर सुरू होते.

नायटा असेल तर चट्ट्याची कड उठलेली आणि लाल, मध्ये थोडं साफ, आणि तो मांडीवर गोलाईत सरकतो. वृषणाची पिशवी तो बहुधा सोडून देतो. पण स्टेरॉइड लावलं असेल तर ही खूण पुसट होते आणि डॉक्टरही चकतात. म्हणून लावलेली ट्यूब सोबत न्या.

रात्री खाज वाढते, लिंगावर किंवा पिशवीवर बारीक फोड आहेत, घरात किंवा रूमवर आणखी कोणी खाजवतंय? मग खरूज असू शकते. तिचा उपचार सगळ्यांनी एकदम घ्यावा लागतो.

मग करायचं काय?

कोरडेपणा वाटत असेल तर त्या भागाला साबण बंद. कोमट पाणी पुरे. पुढच्या कातडीच्या आतसुद्धा फक्त पाणी. घासायचं नाही, टॉवेलने टिपायचं. बाहेरच्या कोरड्या कातडीवर बिनवासाची साधी पेट्रोलियम जेली पातळ लावा. ओली चड्डी लगेच बदला, मी आता बॅगेत एक जादा ठेवतो. सैल, सुती कपडे घाला. टॉवेल कुणाला देऊ नका. पायाच्या बोटांत चिखल्या असतील तर आधी मोजे, मग चड्डी घाला, नाहीतर बुरशी पायावरून वर येते.

आठवडाभरात फरक नाही किंवा चट्टा गोल होऊन पसरतोय, तर डॉक्टर. जखम, स्राव, लघवीला जळजळ, गाठ, किंवा पुढची कातडी मागे न सरकणं यांपैकी काही असेल तर आठवडाही थांबू नका. कातडीखाली वारंवार लालसरपणा आणि पांढरा थर येत असेल तर शुगर तपासा. काही जणांना मधुमेह असाच कळतो.

आणि ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं, तर स्वतःच्या मनाने लावू नका. आधीच बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंद केल्यावर आग भडकू शकते, म्हणून सोडतानाही डॉक्टरांना विचारा.

मला नंतर गोळ्या आणि साधं अँटीफंगल क्रीम मिळालं. चट्टा गेल्यावरही दोन आठवडे लावायला सांगितलं होतं, ते मी पाळलं. आता सगळं ठीक आहे, रेघा तेवढ्या राहिल्या. मॅडमच्या केबिनमध्ये लाज किती वेळ वाटली म्हणाल, तर अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटासाठी मी चार महिने घालवले.

एखादा मित्र खुर्चीवर सारखी जागा बदलत बसत असेल तर त्याला ही लिंक गुपचूप पाठवा. काही विचारू नका, तो समजेल. भेटू पुढच्या एपिसोडला!